म्हणींच्या पोटातले वैर

घोडा पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप लावणे, असे इंग्रज म्हणतो. वासरू बुडाले की मग खड्डा बुजवतात, असे डच माणूस म्हणतो. आपण म्हणतो, बैल गेला नि झोपा केला. झोपा म्हणजे गोठ्याचे कुडाचे दार; हल्लीच्या मुलांना तो शब्द समजावून सांगावा लागतो. तीन भाषा, तीन जनावरे, पण पश्चात्ताप एकच. इंग्रजी म्हणीचे डच भाषांतर करणाऱ्याने घोड्याच्या जागी वासरू बांधले की त्याचे काम झाले.

सगळेच वाक्प्रचार असे गरीब स्वभावाचे असते तर हा लेख लिहायची गरज नव्हती. काही वाक्प्रचारांच्या पोटात जनावर नसते, एखादी जमात असते. कुणाचा तरी देश, कुणाचा तरी मजहब, कुणाचा तरी धंदा. असा वाक्प्रचार एका भाषेतून दुसरीत न्यायचा म्हटला की शब्दकोश बंद करून इतिहासाचे पुस्तक उघडावे लागते. मी उर्दू आणि मराठी अशा दोन भाषा शिकवते. भाषांतराचा तास घेताना हा प्रश्न सतत समोर येतो. तो समजून घ्यायला मला इंग्रजी आणि डच ही जोडी फार उपयोगी वाटते. कारण त्या भांडणात आपण कोणत्याच बाजूला नाही, त्यामुळे डोके थंड ठेवून बघता येते. एकदा तिथे बघण्याची सवय झाली की मग आपल्या घरात बघणे सोपे जाते.

दोन शेजारणी

इंग्रजी आणि डच या एकाच कुळातल्या भाषा. मध्ये फक्त समुद्राची एक पट्टी. तरीही म्हणी मात्र ज्या त्या मातीच्या. इंग्लंडात जोराचा पाऊस म्हणजे कुत्री-मांजरी पडतात; हॉलंडमध्ये चिलमीच्या नळ्या पडतात. पांढऱ्या मातीच्या लांब दांड्याच्या चिलमी हा तिथला मोठा धंदा होता, गौडा शहर त्यासाठी प्रसिद्ध होते. सरळ, लांब, पांढऱ्या नळ्या. मुसळधार पावसाच्या रेघा तशाच दिसतात. आपल्याला मुसळ दिसले, त्यांना चिलीम दिसली.

इंग्रज एका दगडात दोन पक्षी मारतो. डच एका फटक्यात दोन माश्या मारतो. इंग्रज न बघता पोत्यातले डुक्कर विकत घेतो; डच पोत्यातले मांजर घेतो. मराठी माणूस इथे जास्त पाण्यात आहे, तो पाण्यात बसलेल्या म्हशीचे बाहेरून मोल करतो. इंग्लंडातले न्यूकॅसल कोळशाचे गाव, म्हणून तिथे कोळसा नेणे हा मूर्खपणा. डच भाषेत यासाठी 'समुद्राला पाणी नेणे' असे म्हणतात. उर्दूत आपण 'उलटे बाँस बरेली को' म्हणतो, कारण बरेली बांबूची बाजारपेठ. तव्यातून विस्तवात पडणारा इंग्रज हॉलंडला गेला की पावसातून पागोळीखाली येतो. मराठीत तो आगीतून फुफाट्यात जातो, उर्दूत आसमानातून पडून खजुरीत अडकतो.

डच म्हणींत पाणी फार. देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि बांध घालूनच तो देश उभा राहिला, तेव्हा त्यात नवल नाही. 'जो बांध घालणार नाही त्याने गाव सोडावे' ही त्यांची जुनी म्हण एके काळी नुसती म्हण नव्हती, कायदा होता. आपल्या वाट्याचा बांध राखता आला नाही तर जमिनीवरचा हक्क सोडावा लागे.

या म्हणींचे वेड त्या देशाला जुने आहे. पीटर ब्रुगेल नावाच्या चित्रकाराने १५५९ मध्ये एका चित्रात शंभराहून जास्त म्हणी रंगवल्या. एक गाव आहे आणि गावातला प्रत्येक माणूस एकेक म्हण जगतो आहे. त्यात तो वासरू बुडाल्यावर खड्डा बुजवणाराही आहे. हे चित्र आज बर्लिनमध्ये आहे.

त्याच्याही आधी रॉटरडॅमच्या इरॅस्मसने ग्रीक आणि लॅटिन म्हणींचा संग्रह केला. १५०० मध्ये पहिली आवृत्ती निघाली तेव्हा त्यात आठशेच्या आसपास म्हणी होत्या. १५३६ मध्ये तो वारला तोवर त्या चार हजारांवर गेल्या होत्या. युरोपभर शिकलेली माणसे हा ग्रंथ वाचत. त्यामुळे कितीतरी म्हणी इंग्रजीत आणि डचमध्ये जशाच्या तशा सापडतात. आंधळ्यांच्या राज्यात एकडोळ्या राजा, हे दोन्हीकडे आहे. उर्दूतही अंधों में काना राजा आहेच. मराठीने मात्र वासरांत लंगडी गाय शहाणी ठरवली.

इरॅस्मसचीच एक गंमत भाषांतर शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगावी अशी आहे. स्पष्टवक्त्या माणसाबद्दल ग्रीकांची म्हण होती, की तो कठड्याला कठडा म्हणतो. कठडा म्हणजे लाकूड कोरून केलेले पसरट भांडे. इरॅस्मसने त्याचे लॅटिन करताना भांड्याऐवजी माती खणायचे अवजार घातले. ग्रीकमध्ये ते दोन शब्द सख्ख्या भावांसारखे दिसतात. १५४२ मध्ये निकोलस उडाल याने इरॅस्मसचे एक पुस्तक इंग्रजीत आणले आणि त्या अवजाराचे फावडे झाले. तेव्हापासून इंग्रज फावड्याला फावडे म्हणतो. चूक एका डच माणसाची, पण डच भाषेत ते फावडे गेलेच नाही. तिथे म्हणतात, 'जनावराला त्याच्या नावाने हाक मारणे'.

इथपर्यंत सगळे गोड आहे. शेजारणी एकमेकींकडून विरजण मागावे तशा म्हणी मागतात. आता भांडणाकडे येऊ.

इंग्रजीतला 'डच'

इंग्रजी शब्दकोशात 'डच' शब्द काढून बघा. दारू पिऊन अंगात आलेली हिंमत म्हणजे 'डच करेज'. अगम्य बडबड म्हणजे 'डबल डच'. तोंडावर खडसावणारा, सगा नसलेला काका म्हणजे 'डच अंकल'. मेजवानीला बोलावून प्रत्येकाला आपापले पैसे भरायला लावणे म्हणजे 'डच ट्रीट'. आणि पैज लावताना इंग्रज म्हणतो, 'असे झाले नाही तर मी डच माणूस!' म्हणजे डच असणे ही जवळपास शिक्षाच.

हे आले कुठून? सतराव्या शतकात इंग्लंड आणि हॉलंड यांच्यात समुद्राच्या व्यापारावरून तीन युद्धे झाली: १६५२ ते १६५४, १६६५ ते १६६७ आणि १६७२ ते १६७४. मसाला, मासळी, जहाजे, वखारी, सगळ्यात दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी. १६६७ च्या जूनमध्ये डच आरमार थेट मेडवे नदीत घुसले, इंग्रजांची नांगरलेली जहाजे जाळली आणि 'रॉयल चार्ल्स' हे त्यांचे मानाचे जहाज ओढून घरी नेले. त्या जहाजाच्या पिछाडीचे कोरीव लाकूड आजही अ‍ॅमस्टरडॅमच्या रायक्स म्युझियममध्ये टांगलेले आहे. इंग्रजांसाठी ही मोठी नामुष्की होती. नामुष्की झालेला माणूस तलवारीने नाही जमले तर जिभेने सूड घेतो. त्या काळात आणि नंतरही 'डच' हे विशेषण स्वस्त, खोटे, कंजूष, बेवडे अशा अर्थाने चिकटत गेले.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. यातले सगळेच वाक्प्रचार त्या युद्धांचे अपत्य नाहीत. 'डच ट्रीट' एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेचे, आणि तिथे जर्मन लोकांनाही 'डच'च म्हणत. जर्मन माणूस स्वतःला 'डॉइच' म्हणतो. 'डच' आणि 'डॉइच' मुळात एकच शब्द. म्हणजे शिवी एकाला आणि नाव दुसऱ्याचे, असेही घडले. पण वाट आधीच मळलेली होती, म्हणून नवी शिवीही त्याच वाटेने गेली.

पुढे १६८९ मध्ये तर हॉलंडचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर आला. वैर संपले. सोयरिकी झाल्या. शब्द मात्र राहिले. आजचा इंग्रज 'डच करेज' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कुणाबद्दल राग नसतो. त्याला मेडवेही आठवत नाही. भांडण विसरले जाते, शिवी विसरली जात नाही.

आता भाषांतरकाराच्या खुर्चीत बसून बघा. हे वाक्प्रचार डचमध्ये कसे न्यायचे? शब्दशः नेले तर डच माणूस स्वतःलाच शिवी देईल. म्हणून डच भाषा काय करते, ते बघण्यासारखे आहे. 'डच करेज'ला तिथे 'जिनेची हिंमत' म्हणतात किंवा सरळ 'पिऊन हिंमत आणणे' म्हणतात. देशाचे नाव गेले, दारूचे नाव आले. इंग्रजांनी ती जिन घेतली हॉलंडकडूनच, तिच्या नावासकट. 'गो डच'ला तिथे 'ज्याने त्याने आपले भरणे' एवढेच म्हणतात. 'नाही तर मी डच माणूस'च्या जागी डच माणूस म्हणतो, 'नाही तर मी शेंगेतला दाणा!' अपमान सहन करणाऱ्याने तो उलटून न टाकता त्याचा विनोद केला, याला मी शहाणपण म्हणते.

पण थांबा. 'डबल डच'चे काय झाले? अगम्य बोलण्याला डच भाषेत म्हणतात, 'हे माझ्यासाठी चिनी आहे'. स्वतःचे नाव काढले आणि तिथे चिनी माणसाला बसवले. अर्धवट, उरकलेल्या कामाला डच म्हणतात 'फ्रेंच हाताने केलेले'. न सांगता निघून जाण्याला इंग्रज 'फ्रेंच रजा' म्हणतो आणि फ्रेंच माणूस त्यालाच 'इंग्रजी पद्धतीने निसटणे' म्हणतो. आपापले पैसे भरण्याला तुर्कीत 'जर्मन पद्धत' म्हणतात आणि इटलीत 'रोमन पद्धत'. प्रत्येक जण आपल्या घरातला कचरा शेजारच्याच्या दारात टाकतो आणि त्याच्या दारातला मात्र मोजतो. पुण्या-मुंबईच्या कॉलेजातल्या पोरांनी याला 'टीटीएमएम' केले, तू तुझे मी माझे. यात कुणाचे नाव नाही, कुणाचा देश नाही. मला हा शब्द त्यासाठी आवडतो.

तुर्क, डोंगर आणि आपण

इतक्या वेळ आपण बाहेरून बघत होतो. पण डच म्हणींच्या यादीत पुढे गेलो की आपल्या ओळखीचा माणूस भेटतो, तुर्क. त्या काळच्या युरोपात तुर्क म्हणजे मुसलमान. मुसलमान झालेल्याला इंग्रजीत 'तुर्क झाला' असेच म्हणत.

१५७४ मध्ये लायडन शहराला स्पॅनिश फौजेचा वेढा पडला होता. स्पेनचा राजा कॅथलिक, हॉलंडचे बंडखोर बहुतेक प्रोटेस्टंट. बंडखोरांच्या आरमाराने बांध फोडून समुद्राचे पाणी शेतात घेतले आणि त्या पाण्यावरून बोटी शहरापर्यंत आणल्या. ३ ऑक्टोबर १५७४ ला वेढा उठला. या बंडखोरांच्या अंगावर चंद्रकोरीच्या आकाराचे बिल्ले होते आणि त्यावर कोरलेले होते, 'लीव्हर तुर्क्स दान पाप्स', म्हणजे पोपचे होण्यापेक्षा तुर्काचे होऊ. ही तुर्कांवरची माया नव्हती, पोपवरचा राग होता. तरी तुर्की सुलतान आपल्या राज्यात ख्रिस्ती-यहुद्यांना जिझिया घेऊन का होईना पण आपापल्या धर्माने राहू देतो, ही गोष्ट त्या लोकांपर्यंत पोहोचलेली होती. पुढे १६१२ मध्ये हॉलंडने इस्तंबूलच्या दरबारात कॉर्नेलिस हागा नावाचा वकील पाठवून व्यापाराची सनदही मिळवली.

त्याच भाषेत दुसरा वाक्प्रचार आहे, 'तुर्कांच्या हवाली होणे'. अर्थ, निर्दय माणसांच्या तावडीत सापडणे. फ्रेंच आणि इटालियन लोक भयंकर विड्या ओढणाऱ्याला 'तुर्कासारखा ओढतो' म्हणतात. इंग्रज अशा वेळी धुराड्याचे नाव घेतो. डच म्हणतो, 'पाखंड्यासारखा ओढतो'. ज्या देशात धर्मावरून माणसे जाळली गेली, तिथल्या भाषेत पाखंडी अजून धूर सोडतो आहे.

पुस्तकातले हे तुर्क पुढे खरेच हॉलंडला आले. १९६४ मध्ये तुर्कस्तानशी आणि १९६९ मध्ये मोरोक्कोशी करार करून हॉलंडने आपल्या कारखान्यांसाठी मजूर बोलावले. त्यांची नातवंडे आज रॉटरडॅमच्या शाळांत डच शिकतात. त्या वर्गात 'तुर्कांच्या हवाली होणे' हा वाक्प्रचार शिकवायची वेळ आली तर शिक्षकाने काय करावे? हा प्रश्न मला परका वाटत नाही.

आणखी एक म्हण आहे, ती तर आपल्या मराठी भाषणांतही ऐकू येते. डोंगर मुहम्मदाकडे येत नसेल तर मुहम्मदाने डोंगराकडे जावे. इंग्रजीत आहे, डचमध्ये तशीच आहे. एकही शब्द बदलावा लागत नाही. वक्त्याला वाटते ही इस्लामी कथा आहे. ऐकणाऱ्या मुसलमानालाही वाटते की असेल कुठे तरी. प्रत्यक्षात ही गोष्ट कुरआनात नाही, हदीसमध्ये नाही, सीरतच्या ग्रंथांत नाही. ती इंग्रजीत रूढ झाली फ्रान्सिस बेकनच्या १६२५ मधल्या एका निबंधामुळे. निबंधाचा विषय धिटाई. लोकांसमोर वचन देऊन फसलेला माणूसही न लाजता कसा वेळ मारून नेतो, याचे उदाहरण म्हणून बेकनने ती सांगितली. मुल्ला नसरुद्दीनच्या नावावर अशाच धर्तीचा एक किस्सा सांगतात, त्यात तो झाडाला बोलावतो आणि झाड हलत नाही म्हणून स्वतः जातो. मुल्लाच्या नावावर तो किस्सा शोभतो. हजरत मुहम्मद (स.) यांच्या नावावर तो कुणी तरी चिकटवला. आज म्हणणाऱ्याला त्यातला टोमणा माहीत नसतो, तो नम्रपणाचा धडा म्हणूनच सांगतो. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण ही गोष्ट कुठून आली, हे त्याला शांतपणे सांगता आले पाहिजे, आणि त्यासाठी आधी आपल्याला माहीत असले पाहिजे.

घरातली झाडलोट

आता मराठीकडे वळू. मराठीत 'डच'च्या जागी कोण आहे? त्याचे उत्तर आपण रोज ऐकतो: 'ही काय मोगलाई लागून गेली आहे?' म्हणजे कायदा नाही, कानून नाही, वाटेल तो धुडगूस. याच शब्दाचा दुसरा अर्थ अगदी साधा होता. पश्चिम महाराष्ट्रातला माणूस निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणे. पाहुणा मोगलाईतला, बैल मोगलाईतला. त्यात शिवी नव्हती, पत्ता होता. पत्ता विसरला, शिवी राहिली. मेडवेनंतरच्या इंग्रजीत जे घडले तेच इथे घडले. मराठे आणि मोगल पंचवीस-सत्तावीस वर्षे सलग लढले, रयत होरपळली, तो अनुभव शब्दात मुरला. तो अनुभव खोटा नव्हता. पण आजच्या वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाकडे बघत 'मोगलाई आहे का?' असे विचारले जाते, तेव्हा तो इतिहास त्या मुलाच्या अंगावर जातो. त्याच्या बापजाद्यांनी त्या काळी कुणाचे शेत नांगरले, कुणाचे कापड विणले, कुणाला ठाऊक.

'पानिपत होणे' घ्या. मराठीत याचा अर्थ धूळधाण. उर्दूत पानिपत म्हणजे गावाचे नाव, हालींचे गाव. तेव्हा 'निवडणुकीत पक्षाचे पानिपत झाले' याचे उर्दू करताना गाव सोडून अर्थ उचलावा लागतो. मात्र १४ जानेवारी १७६१ च्या त्या लढाईत मराठ्यांच्या बाजूने तोफखाना इब्राहिमखान गारदीने चालवला आणि त्यासाठी जीव दिला, हे मी वर्गात सांगते. मग पानिपत हे फक्त 'त्यांचे' दुःख राहत नाही.

उलट उदाहरणही आहे. 'अस्मानी-सुलतानी' हा शब्दप्रयोग बघा. आभाळाने केलेला घात अस्मानी, सरकारने केलेला घात सुलतानी. दोन्ही शब्द फारसी-अरबीतून आलेले. आज शेतकरी सुलतानी म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर वीजबिल, बाजारभाव आणि सरकारी कचेरी असते. कुठलाही सुलतान नसतो, कुणी मुसलमान नसतो. शब्दातला काटा आपोआप झिजला. म्हणजे काटे झिजू शकतात.

पण हिशेब एकतर्फी ठेवून चालणार नाही. उर्दूच्या म्हणींचा संग्रह उघडा. तिथे जुलाहा हा ठरलेला मूर्ख आहे. कापूस नाही, सूत नाही, आणि जुलाह्याशी लठ्ठालठ्ठी, ही त्यातली सौम्य म्हण. तेली, धुनिया, नाई, यांचीही सुटका नाही. या म्हणी कुणी केल्या? ज्यांनी कधी मागावर हात ठेवला नाही त्यांनी. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या याच विणकरांनी मालेगाव आणि भिवंडीचे माग चालवले. त्यांनी स्वतःला मोमिन म्हटले, अन्सारी म्हटले. म्हणींनी हिरावलेली इज्जत नावातून परत घेतली. आज त्यांचीच मुले माझ्यासारख्या शिक्षकांकडून उर्दू शिकतात. मोगलाई या शब्दाने दुखावणाऱ्या आपण जुलाह्याच्या म्हणीवर हसत असू, तर आपली तक्रार अर्धीच खरी आहे.

फिकीर

मग असे शब्द शब्दकोशातून काढून टाकायचे का? मला तसे वाटत नाही. काढलेला शब्द तोंडातून जात नाही आणि त्याचा इतिहास मात्र जातो. शिवाय भाषा फक्त वैरच साठवत नाही. मुंबईतला टपरीवाला ज्याला-त्याला 'बॉस' म्हणतो, तो शब्द डच 'बास', म्हणजे मालक. न्यूयॉर्क डचांची वसाहत होती तिथून इंग्रजीत गेला आणि इंग्रजीतून आपल्याकडे आला. मराठीत डचांना वलंदेज म्हणत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांच्या यादीत ते नाव आहे, आणि वेंगुर्ल्याला त्यांच्या वखारीचे पडके अवशेष अजून उभे आहेत. आणि ज्या उर्दूची मी भाकरी खाते, तिच्या, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्तानीच्या, सर्वांत जुन्या व्याकरणांपैकी एक डच भाषेत लिहिलेले आहे. डच कंपनीच्या योआन योसुआ केटेलारने ते लिहिले. त्याची लखनौला केलेली १६९८ ची नक्कल टिकून आहे. पुढे हाच केटेलार कंपनीचा वकील म्हणून मुघल दरबारात गेला.

शेवटी एक साधे इंग्रजी वाक्य घेऊ: 'डोन्ट वरी'. त्याचे डच कसे करतात? 'काळजी करू नकोस' अशा अर्थाचे त्यांचे शब्द आहेतच. पण घरात, जवळच्या माणसाला, डच माणूस म्हणतो, 'नीट पीकेरेन'. हा 'पीकेरेन' मूळचा डच नाही. तो आला जावा-सुमात्रातून, मलाय भाषेतल्या 'पिकिर'वरून. आणि मलायमध्ये तो आला अरबीतून. मूळ शब्द 'फिक्र'. आपली फिकीर. हॉलंडने त्या मुसलमान मुलखावर राज्य केले, मसाला लुटला, १८२५ ते १८३० जाव्यात आणि १८७३ पासून कितीतरी वर्षे आचेमध्ये रक्त सांडले. आणि परत जाताना शिपायांच्या, कारकुनांच्या, त्यांच्या मुलाबाळांच्या तोंडात 'फिक्र' घेऊन गेले. काकुळतीने विनवण्या करणे याला डचमध्ये 'सूबाटेन' म्हणतात. तेही मलायमधल्या 'सोबत', म्हणजे मित्र, या शब्दावरून. त्याचे मूळ अरबी 'सुहबत'. उर्दूतली सोहबत, मराठीतली सोबत.

ज्या भाषेत 'तुर्कांच्या हवाली होणे' आहे, त्याच भाषेत आई लेकराला जवळ घेऊन फिकीर करू नकोस म्हणते. शिवी युद्धातून आली, शब्द सहवासातून आला. दोन्ही त्याच भाषेत नांदत आहेत.

म्हणून वर्गात माझा नियम साधा आहे. ज्या म्हणीत जनावर आहे तिचे जनावर बदला. ज्या म्हणीत माणसाची जमात आहे तिथे थांबा, आधी ती जमात तिथे कशी आली ते शोधा, आणि मग फक्त अर्थ पुढे न्या. वैर दुसऱ्या भाषेत पोहोचवणे हे भाषांतरकाराचे काम नाही. आणि वर्गातला जो मुलगा अशा म्हणीने मान खाली घालतो, त्याला त्या म्हणीची गोष्ट पूर्ण सांगा. गोष्ट कळली की मान वर येते, हे मी वीसेक वर्षे बघते आहे.